वाचकांचे प्रश्न : २००चा पंप मोठा की २५०चा?

दिवाळीच्या आधी घरं झाडायला घेतली की दम्याची पत्रं वाढतात, हे आता ठरलेलंच आहे. या वेळी बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय : पंपातलं स्टेरॉइड बदललं, आता काय? उत्तरांत कंपन्यांनी ठेवलेली नावं मी मुद्दाम गाळली आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ते नाव असतं आणि खाली बारीक अक्षरांत औषधाचं. मला लागतं ते बारीक अक्षरांतलं. तुम्हीही तेच वाचा, चष्मा काढावा लागला तरी.

प्रश्न : मी इचलकरंजीत सूतगिरणीत हिशेबनीस आहे, वय ४६. बरीच वर्षं ब्युडेसोनाइड २०० आणि फॉर्मोटेरॉल ६ असा एकत्र पंप सकाळ-संध्याकाळ एकेक पफ घेत होतो. धाप लागली तर तोच पंप आणखी एकदा ओढायचा, असं जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता नव्या डॉक्टरांनी फ्लुटिकासोन २५० आणि साल्मेटेरॉल असा पंप दिलाय, तोही सकाळ-संध्याकाळ एकेक. औषध दुकानदार म्हणाला, ‘एकच हो, पन्नासनं जास्त आहे इतकंच.’ मग धाप लागल्यावर हाही ओढला तर चालेल ना? जुना पंप अर्धा शिल्लक आहे, तो वाया घालवायचा का?

उत्तर : दुकानदारांची वजाबाकी बरोबर आहे, पण या दोन आकड्यांची वजाबाकी करताच येत नाही. एक किलो ढोबळी मिरची आणि एक किलो लवंगी मिरची यांत तराजूला फरक दिसत नाही, जिभेला दिसतो. पंपातल्या स्टेरॉइडांचं, म्हणजे तुमच्या ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोनचं, तसंच आहे.

पेशींमध्ये स्टेरॉइडला पकडून ठेवणारे रिसेप्टर असतात. कोणतं औषध त्यांना किती घट्ट धरतं, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. डेक्सामेथासोन या दुसऱ्या एका स्टेरॉइडची पकड १०० धरली, तर ब्युडेसोनाइडची सुमारे ९३५ भरते, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटची १८०० आणि त्याचाच धाकटा भाऊ फ्लुटिकासोन फ्युरोएट, त्याची जवळपास ३०००. म्हणून प्रौढांचा ‘कमी डोस’ म्हणजे ब्युडेसोनाइडचे दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचे १०० ते २५० आणि फ्युरोएटचे फक्त १००, तेही दिवसातून एकदाच. नाव अर्धं सारखं असलं तरी प्रोपिओनेट आणि फ्युरोएट ही दोन वेगळी औषधं आहेत. एकाच्या जागी दुसरं त्याच आकड्यानं देता येत नाही.

आता तुमचा हिशेब करू, तुम्ही हिशेबनीसच आहात. आधी दिवसाला ब्युडेसोनाइड ४०० होतं, म्हणजे कमी डोसची वरची कड. आता फ्लुटिकासोन (तुमच्या पंपातलं प्रोपिओनेट) ५०० आहे, म्हणजे मध्यम डोसची वरची कड. पन्नासनं नव्हे, स्टेरॉइड साधारण दुपटीनं किंवा त्याहूनही थोडं जास्त वाढलंय. ही मोजपट्टी ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

वाढवणं चूक होतं, असं मी म्हणत नाही. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं किंवा मध्ये एखाद्या मोठ्या अटॅकनं ते गरजेचं झालं असेल. पण कारण विचारून घ्या. पंपातल्या स्टेरॉइडाचा बहुतेक फायदा कमी डोसलाच मिळून जातो. फ्लुटिकासोन दिवसाला २०० च्या आसपास पोचलं की मिळू शकणाऱ्या फायद्यातला ८० ते ९० टक्के पदरात पडलेला असतो. त्यापुढे डोस वाढवला की फायदा मुंगीच्या पावलानं वाढतो आणि दुष्परिणाम मात्र चांगल्या ढांगा टाकत येतात. म्हणून डोस वाढवण्याआधी मी पेशंटला माझ्यासमोर पंप ओढायला लावते. कुणी पंप न हलवताच दाबतं, कुणी दाबून मग श्वास घेतं, कुणी नाकानं घेतं. निम्म्या वेळा डोस वाढवायची गरज तिथेच संपते.

आता खरी काळजीची गोष्ट. तुम्ही धाप लागल्यावर जुना पंप ओढत होतात ते योग्य होतं, कारण त्यातलं फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत श्वासनळ्या मोकळ्या करतं. नव्या पंपातलं साल्मेटेरॉल बारा तास टिकतं खरं, पण सुरू व्हायला वेळ घेतं. ऐन धापेत ते ओढून वाट बघत बसणं धोक्याचं आहे. जुना अर्धा पंप नव्याच्या जोडीला वापरू नका. त्यानं एकाच जातीची दोन लांब पल्ल्याची औषधं अंगात जातील. डॉक्टरांकडे जाऊन सरळ दोन गोष्टींपैकी एक मागा : एक तर जुनीच पद्धत परत, किंवा नव्या पंपाबरोबर धापेसाठी वेगळा साल्ब्युटामॉलचा पंप. आणि हे या आठवड्यातच करा.

प्रश्न : मी वाई परिसरात कीर्तनं करतो. दम्यासाठी फ्लुटिकासोनची पावडर घेतो. दमा आटोक्यात आहे, पण आवाज चिरका झालाय, पूर्वरंग संपेपर्यंत घसा धरतो. म्हणून सप्ताहाच्या दिवसांत पावडर बंद ठेवतो आणि फक्त साल्ब्युटामॉलच्या पंपावर भागवतो. गुळण्या नियमित करतो, तरी फरक नाही. दुसरं काही सौम्य औषध आहे का?

उत्तर : बुवा, तुमची तक्रार खरी आहे आणि ती ‘सवय होईल’ म्हणून झटकण्यासारखी नाही. पंप असो वा पावडर, ओढलेल्या औषधाचा मोठा भाग तोंडात आणि घशात आपटतो. साध्या पंपानं फुप्फुसात जेमतेम १० ते २० टक्के पोचतं. घशात बसलेलं स्टेरॉइड दोन कामं करतं : तोंडात पांढरी बुरशी वाढू देतं आणि स्वरतंतूंना त्रास देतं. गुळण्यांनी पहिलं टळतं. दुसरं फारसं टळत नाही, कारण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही; पोचलं तर ठसका लागेल. तेव्हा गुळण्या चालू ठेवा, पण आवाजासाठी इलाज दुसरा करावा लागेल.

पहिला इलाज स्वस्तातला आहे. पावडर सोडून पंप घ्या आणि तो स्पेसरमधून ओढा. स्पेसर म्हणजे तो प्लास्टिकचा फुगीर डबा, जो बहुतेक घरांत माळ्यावर पडलेला असतो. जड थेंब त्याच्या भिंतीला चिकटतात आणि बारीक तेवढे आत जातात. पावडर जोरात ओढावी लागते, स्पेसरमधून सावकाश. घशाला हा फरक पुष्कळ जाणवतो.

दुसरा इलाज म्हणजे औषधच बदलणं, आणि इथे ही औषधं एकमेकांपासून खरोखर वेगळी पडतात. फ्लुटिकासोन आणि ब्युडेसोनाइड पंपातून बाहेर पडतानाच कामाला लागलेली असतात. घशात पडली तर घशात काम करतात. सिक्लेसोनाइड निजलेल्या रूपात बाहेर पडतं. फुप्फुसातली विकरं (एन्झाइम) त्याला तोडतात तेव्हा ते जागं होतं. घशात ते तोडण्याचं काम फारच कमी होतं, म्हणून तोंडातली बुरशी आणि बसलेला आवाज हे दोन्ही त्याच्यासोबत कमी दिसतात. प्रौढांना कमी डोस म्हणजे दिवसाला ८० ते १६०, बहुधा एकदाच. बेक्लोमेथासोनसुद्धा असंच अर्धवट निजलेलं औषध आहे, आणि त्याचे अतिसूक्ष्म कणांचे पंप मिळतात त्यांत घशात कमी आणि खोलवर जास्त औषध जातं. अतिसूक्ष्म पंपाला निम्मा डोस पुरतो, तेव्हा तिथेही जुना आकडा तसाच पुढे चालवायचा नाही.

‘सौम्य’ म्हणून विचाराल तर यातलं कोणतंच औषध सौम्य किंवा कडक नाही. योग्य डोसला सगळी जवळपास सारखंच काम करतात. तुमच्या पोटापाण्याला कोणतं जुळतं, एवढाच प्रश्न आहे. शिक्षक, गायक, निवेदक आणि तुम्ही यांच्यासाठी मी सिक्लेसोनाइडचा विचार आधी करते.

सप्ताहात पावडर बंद ठेवता ते मात्र मला अजिबात पसंत नाही. नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहणं आटोक्यातल्या दम्यालाही धोक्याचं आहे. २०१९ पासून जगभरच्या दमा-मार्गदर्शनात तसं साफ लिहिलेलं आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षभरात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसा दम्यानं मृत्यू येण्याचा दर २१ टक्क्यांनी खाली येत गेलेला दिसला. डोस सोडायचा नाही, फक्त त्याची वेळ कीर्तनापासून लांब ठेवा. पंप बदलूनही तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. प्रत्येक बसलेला आवाज स्टेरॉइडच्या माथी मारणं बरोबर नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय २९, परभणी) लहानपणापासून दमा आहे. फ्लुटिकासोनचा पंप कित्येक वर्षं घेतो, कधी त्रास झाला नाही. गेल्या दोनेक महिन्यांत चेहरा गोल गरगरीत झाला, पोट सुटलं, पोटावर जांभळे पट्टे आलेत आणि जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. पंपाचं स्टेरॉइड आता अंगात साठायला लागलं असं सगळे म्हणतात. बंद करायला लावू का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला त्याच्या औषधांची यादी आहे ते फार बरं केलंत. तिसऱ्या ओळीत उत्तर आहे : नायट्यासाठी इट्राकोनाझोल, रोज दोन कॅप्सूल, दोन महिने.

पंपातून ओढलेलं औषध दोन वाटांनी रक्तात जातं. घशातून गिळलं गेलेलं पोटातून जातं, पण फ्लुटिकासोनच्या बाबतीत ती वाट जवळपास बंद असते, एक टक्काही पार होत नाही. फुप्फुसात पोचलेलं मात्र थेट रक्तात उतरतं. मग यकृतातलं एक विकर, सीवायपी ३ए४ असं त्याचं नाव, ते मोडून टाकतं. इट्राकोनाझोल नेमकं हेच विकर अडवून धरतं. रोजचा डोस तोच, पण निचरा तुंबलेला. मग वर्षानुवर्षं निमूट असलेला पंप काही आठवड्यांत गोळ्यांसारखा अंगावर येतो. ब्युडेसोनाइडचंही असंच होतं. एचआयव्हीच्या उपचारातल्या रिटोनाव्हिरबरोबर तर हे अनेकदा नोंदलं गेलंय.

बेक्लोमेथासोन या विकरावर फारसं विसंबून नसतं. म्हणून इट्राकोनाझोल टाळता येत नसेल, तर मी पंप बेक्लोमेथासोनचा करून घेते. किंवा त्वचारोगतज्ज्ञांना नायट्यासाठी टर्बिनाफिन चालेल का ते विचारते. त्याचा या विकराशी झगडा नाही. सगळ्यात जुनं आणि स्वस्त बेक्लोमेथासोन इथे नव्याच्या पुढे जातं, ते असं.

आणखी एक विचारा त्याला : नायट्यावर कोणतं मलम लावतोय? आपल्याकडे बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल असं तिन्ही कालवलेलं मलम चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतं. क्लोबेटासोल हे अतिशय जोरकस स्टेरॉइड आहे. जांघेत आणि कमरेला महिनोन्महिने चोळलं तर तेही रक्तात जातं, शिवाय नायटा चिवट होतो तो वेगळाच. लोक पंपाला घाबरतात आणि मलमाच्या ट्यूबा रिकाम्या करतात. याचं मला नेहमी नवल वाटतं.

पण पंप एकदम बंद करायला लावू नका. बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं थांबवतात. अशात पुरवठा तोडला तर चक्कर, उलट्या, रक्तदाब आणि साखर खाली येणं, प्रसंगी जिवावर बेतणं. शिवाय दमा उसळेल ते निराळंच. उद्या-परवा त्याला फिजिशियनकडे न्या, यादी आणि मलमाची ट्यूब दोन्ही बरोबर असू द्या. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल, साखर आणि रक्तदाब तपासून घेतील. उलट्या सुरू झाल्या किंवा ग्लानी आली तर उद्याची वाटही बघू नका, थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : मी कराडची. सात वर्षांच्या नातवाला दमा आहे. सून त्याला ब्युडेसोनाइड १०० चा पंप दोन वेळा देते. स्टेरॉइडनं पोरांची उंची खुंटते असं मी आयुष्यभर ऐकत आले. गोळी द्या म्हटलं तर सून ऐकत नाही. तुम्हीच तिला सांगा.

उत्तर : आजी, मी सांगणार आहे, पण तुम्हाला. तुमची भीती उगाच आलेली नाही. १९७२ साली ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आला, तोवर दमेकरी पोरांना स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागत, आणि त्या गोळ्यांनी उंची खरंच खुंटायची. आपल्याकडे तर दम्याच्या ‘खात्रीच्या’ पुड्यांतही स्टेरॉइड सापडतं. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंप मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजाराव्या भागात. तेव्हा पंपाऐवजी गोळी मागणं म्हणजे ज्याला भ्यायचं त्यालाच घरात घेणं.

पंपाचा उंचीवर परिणाम शून्य आहे, असं मी म्हणणार नाही. अमेरिका आणि कॅनडात १,०४१ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात काही मुलांना दिवसाला ४०० ब्युडेसोनाइड चार ते सहा वर्षं दिलं, आणि ती मोठी होईपर्यंत मोजत राहिले. २०१२ मध्ये आकडा आला : पंप घेतलेल्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी. ही तूट पहिल्या एक-दोन वर्षांत पडली आणि पुढे वाढत गेली नाही. तुमच्या नातवाचा डोस त्याच्या निम्मा आहे. उलट बाजूला, आटोक्यात नसलेला दमा, रात्रीची तुटलेली झोप आणि दर अटॅकला गोळ्यांचा कोर्स, यांनी पोर खंगतं आणि उंचीही मार खाते.

डोळ्यांत तेल घालून बघायचं ते डोसकडे. मुलांमध्ये जास्त डोसच्या फ्लुटिकासोननं अधिवृक्क ग्रंथी मंदावल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून सहा ते अकरा वयात फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा कमी डोस दिवसाला ५० ते १०० एवढाच असतो. कुणी तुमच्या नातवाचा पंप ‘त्याच आकड्याचा’ म्हणून बदलून दिला, तर सुनेला आधी डॉक्टरांना फोन करायला सांगा. दर तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात उंची मोजून वहीत लिहा. ते काम तुम्ही घ्या, सुनेला तेवढीच मदत.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, पाचवा महिना चालू आहे. पुण्याहून आणलेला ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप २००/६ होता. इथे मिळाला त्यावर १६०/४.५ लिहिलंय. गरोदर म्हणून डोस कमी केला का? की बंदच करावा?

उत्तर : डोस तोच आहे. पंपाच्या आत एका पफसाठी मोजून घेतलं जातं ते २००, त्यातलं काही तोंडाशी धरायच्या नळीतच अडकतं आणि बाहेर येतं ते १६०. अमेरिकेत बाहेर येणारा आकडा छापतात. ६ आणि ४.५ चंही तसंच. बंद करू नका. दिवस गेलेले असताना अनियंत्रित दमा बाळाला आणि तुम्हाला पंपापेक्षा कितीतरी जास्त बाधतो. पंपातल्या स्टेरॉइडांपैकी गरोदरपणातली सर्वांत भरघोस नोंद ब्युडेसोनाइडची आहे, त्यातली बरीच स्वीडनच्या जन्मनोंदणीतून आलेली, आणि ती दिलासा देणारी आहे. तिथल्या डॉक्टरांनी उगाच दुसरं देऊ केलं तर ‘हे नीट चाललंय’ एवढं ठामपणे सांगा.

प्रश्न : आईला (वय ७१) ब्युडेसोनाइडच्या पावडरच्या कॅप्सूल दिल्यात. ती यंत्र वापरत नाही, पाण्याबरोबर गिळते. काही अपाय?

उत्तर : अपाय नाही, उपयोगही नाही. गिळलेल्या ब्युडेसोनाइडपैकी साधारण ११ टक्के रक्तात पोचतं, बाकी यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं, आणि श्वासनळ्यांना जेवढं हवं त्यातलं काहीच मिळत नाही. ‘औषधानं गुण नाही’ असं डॉक्टरांना सांगू नका. आईंनी ते अजून घेतलेलंच नाही. कॅप्सूल यंत्रात बसवून फोडायची, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं, दहा आकडे श्वास धरायचा. यंत्र उघडून बघा. पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढायला लावा, मग चूळ भरून थुंकायला सांगा. या वयात इतकं जोरात ओढणं जमत नसेल, तर पावडर बदलून पंप आणि स्पेसर मागून घ्या.